सासूबाईंच्या बासष्ट ओळी

डोळ्यांच्या त्या इस्पितळात तिला सगळे मुदतबाई म्हणत. तोंडावर नाही हं, तोंडावर मॅडम. पण पाठीमागचं नाव तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. का आवडू नये? नऊ वर्षांत सतरा प्रकल्प तिच्या हातून गेले आणि सतराच्या सतरा ठरल्या तारखेला पूर्ण झाले. एक रखडला नाही, एक अर्धवट सुटला नाही. तिच्या खोलीत भिंतीवर एक लांबलचक तक्ता होता आणि प्रत्येक प्रकल्पापुढे हिरव्या शाईचा शिक्का होता: ‘पूर्ण’. सकाळी आली की आधी ती त्या तक्त्याकडे बघायची आणि मग पर्स खाली ठेवायची.

अठरावा प्रकल्प तर तिच्या विशेष लाडाचा. नवं प्रतीक्षागृह! जुन्या इमारतीच्या मागच्या अंगाला उंच छताचं, मोठाल्या खिडक्यांचं दालन, दोनशे चाळीस गुबगुबीत खुर्च्या, बघायला चार टीव्ही, प्यायला थंड पाणी. भिंती झाल्या होत्या, फरशी झाली होती, दिवे लागत होते. खुर्च्या तेवढ्या यायच्या होत्या. वीस दिवसांवर उद्घाटन. आणि हा अठरावा शिक्का पडला की उपसंचालकाची रिकामी जागा तुमचीच, असं खुद्द अध्यक्षांनी तिला जिन्यात थांबवून सांगितलं होतं. म्हणजे दोनशे चाळीस खुर्च्या लोकांच्या आणि दोनशे एक्केचाळिसावी हिची. ती आतापासूनच थोडी ताठ बसायला लागली होती.

सोमवारी सकाळी संचालकबाईंनी बोलावलं. संचालकबाई नव्या, येऊन जेमतेम सहा महिने झालेले. आवाज इतका मऊ, की त्या आपल्यावर रागावल्या होत्या हे माणसाला घरी जाऊन जेवायला बसल्यावर कळायचं.

“या, बसा,” त्या म्हणाल्या. “मी आज फार खूश आहे. सध्या आपल्याकडे लहानमोठे चौतीस प्रकल्प चालू आहेत ना? सगळ्यांचे अर्ज मी सुटीत बसून वाचले. चौतिसांतले एकतीस तिसऱ्या उद्दिष्टासाठी आहेत!”

“आहेतच मुळी,” मुदतबाई खुलून म्हणाली. “त्या बाबतीत आपण कधीच मागे—”

“तिसरं उद्दिष्ट काय आहे?”

“रुग्णांची सोय.”

संचालकबाई उठल्या, आणि तिला बाहेर घेऊन गेल्या. पाण्याच्या यंत्रामागे भिंतीवर एक चौकट टांगलेली होती. चौकटीच्या कोपऱ्याला कुणीतरी छत्री अडकवली होती. संचालकबाईंनी ती हळूच काढून बाजूला ठेवली.

“मी आले त्याच महिन्यात आपण उद्दिष्टं बदलली. सगळ्या विभागांना पत्र गेलं, त्यावर तुमची पोचसुद्धा आहे. वाचा ना, तिसरं.”

मुदतबाईनं वाचलं. ‘तीन: आलेला माणूस अर्ध्या तासात तपासून मोकळा झाला पाहिजे.’

आता हा घोळ झाला कसा, ते सांगायला हवं. नाहीतर तुम्हाला वाटेल की त्या इस्पितळात सगळी वेडी माणसं भरली होती. तसं नाही. चांगली शिकली-सवरलेली माणसं होती. प्रकल्प सुरू करायचा तर एक अर्ज भरावा लागे. तो अर्ज नऊ वर्षांपूर्वी मुदतबाईनंच तयार केलेला, आणि त्यात अगदी तळाशी एक चौकोन: ‘हा प्रकल्प संस्थेच्या कोणत्या उद्दिष्टासाठी? क्रमांक लिहा.’ तेव्हाचं तिसरं उद्दिष्ट ‘रुग्णांची सोय’. त्यात काय बसत नाही? पडदे बदला, सोय. झाडं लावा, सोय. कुठेही जा, पळसाला पानं तीनच, तसा सगळ्यांनी तीनचा आकडा धरला. पुढे पुढे तर लिहायचीही गरज उरली नाही. नवा अर्ज म्हणजे जुना अर्ज घ्यायचा, वरची नावं आणि तारखा बदलायच्या. तळाचा तीन आपला जागच्या जागी. वरची उद्दिष्टं बदलली, पण तीन काही हलला नाही.

त्यामुळे झालं असं, की वाहनतळावर पांढरे पट्टे मारणं, डॉक्टरांच्या खोलीत टेबल टेनिसचं टेबल आणणं आणि उपाहारगृहाला नवा फलक लावणं ही सगळी कामं, कागदोपत्री तरी, माणसाला अर्ध्या तासात मोकळं करण्यासाठी जिवापाड झटत होती.

“टेबल टेनिसमुळे पेशंट लवकर कसा सुटतो, हे मला समजून घ्यायला आवडेल,” संचालकबाई मऊपणानं म्हणाल्या. “अजूनही माणसं अडीच-अडीच तास बसतात हो आपल्याकडे. गुरुवारी संचालक मंडळाची बैठक आहे. एकतीस प्रकल्पांपैकी कोणाचा या उद्दिष्टाला किती उपयोग, ते तुम्हीच सांगा. आणि सुरुवात आपल्या प्रतीक्षागृहापासून करू या.”

माणसानं बसूच नये असं उद्दिष्ट, आणि हिनं बांधलं काय तर दोनशे चाळीस माणसांना बसायची सोय! तीही गादीची!

दुपारच्या जेवणाला खरेदी विभागाचे प्रमुख तिच्या टेबलाशी येऊन बसले. यांना सगळे खरेदीवाले म्हणत. गोड माणूस, हसतमुख, आणि उपसंचालकाच्या जागेवर यांचाही डोळा होता हे साऱ्या इस्पितळाला माहीत.

“अहो, एवढं काय मनावर घेता?” ते म्हणाले. “माझे नऊ प्रकल्प आहेत तिसऱ्याखाली. मी काय झोप घालवून बसलोय? शब्द फिरवायचे. टेबल टेनिस खेळला की डॉक्टरचा हात चपळ होतो. हात चपळ झाला की तपासणी लवकर. झालं!”

“आणि माझं प्रतीक्षागृह?”

“सोप्पंय. मऊ खुर्ची असली की माणसाला अर्धा तास कुठला आणि अडीच तास कुठले ते कळतच नाही. वाट पाहिल्यासारखं वाटलं नाही म्हणजे वाट पाहिलीच नाही. लिहा तसं, वर दोन आलेख काढा. वीस दिवस तर राहिलेत. गंगेत घोडं न्हालं की मग कोण विचारतंय?”

मुदतबाईनं मान डोलावली. तुम्ही-आम्ही असतो तरी डोलावली असती. नऊ वर्षांची मेहनत होती, अठरावा शिक्का होता, जिन्यात दिलेला शब्द होता. संध्याकाळपर्यंत तिनं दोन आलेख काढलेसुद्धा. छान निळे-हिरवे आलेख. पण ते बघताना तिला स्वतःचीच थोडी लाज वाटत होती, आणि लाज वाटली की तिला भूक लागायची, म्हणून ती वेळेआधी घरी निघाली.

घरी सासूबाईंचा पत्त्यांचा डाव नुकताच मोडला होता. शेजारच्या तिघी निघून गेल्या होत्या आणि सासूबाई जिंकल्याच्या थाटात पत्ते पिसत बसल्या होत्या. सासूबाई म्हणजे भारी प्रकरण. त्यांना काचबिंदू. दर महिन्याला डोळ्याचा दाब मोजून घ्यायला सुनेच्याच इस्पितळात जायच्या, पण सुनेचा वशिला लावायचा नाही. “बाकावरच्या बायका काय म्हणतील?” असा त्यांचा सवाल. नंबर लावायच्या, नंबरानं बसायच्या आणि बसल्या बसल्या विणायच्या. विणकाम फक्त दवाखान्यात. घरी सुईला हात लावायचा नाही, कारण घरी पत्ते.

“आई,” मुदतबाईनं चहा पुढे ठेवत विचारलं, “आमच्याकडे तुम्हाला किती वेळ बसावं लागतं हो?”

“मोजून सांगू?”

“मोजून कसं सांगाल?”

सासूबाईंनी कोपऱ्यातली पिशवी ओढली आणि तिच्यातून एक करडा स्वेटर काढून अंगापुढे धरला. “हे बघ. पहिल्या खेपेला खालची पट्टी आणि वर वीतभर. दुसऱ्या खेपेला पाठ पुरी. पुढचा भाग दोन खेपांत. परवाच्या खेपेला ही उजवी बाही. आता डावी राहिली. पुढच्या महिन्यात एकदा बसले की तुझा स्वेटर तयार.”

“माझा?”

“मग काय त्या डॉक्टरचा? तुझ्याच दवाखान्यात विणलाय, तूच घाल.”

पाच महिन्यांत, घरी एक टाका न घालता, नुसत्या बाकावर बसून अख्खा स्वेटर! बाही सोडून! मुदतबाईला हसावं की रडावं कळेना.

“पण आई, हे सगळं वेगवेगळ्या बाकांवर. खिडकीपाशी किती, डोळ्यांत थेंब घालायच्या खोलीबाहेर किती, डॉक्टरांच्या दाराशी किती, हे कसं कळणार?”

“न कळायला काय झालं?” सासूबाईंनी आपला केसपेपर काढून उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीच्या बारीक उभ्या रेघा होत्या, पाच-पाचांच्या जुड्या करून. “ओळींचा हिशेब ठेवावा लागतो, बाई. मध्येच नाव पुकारलं की विसरायला होतं. म्हणून उठायच्या आधी रेघा मारून ठेवते. ही पाठीची खेप. नोंदणीच्या खिडकीपाशी चार ओळी. थेंबांच्या बाकावर बासष्ट. डॉक्टरांच्या दाराशी दहा.”

मुदतबाई खुर्चीत पुढे सरकली. “एका ओळीला किती वेळ लागतो?”

“पाठीच्या? दोन मिनिटं.”

“नक्की?”

“पस्तीस वर्षं विणतेय मी!”

तरी मुदतबाईचा जीव राहीना. आकडा तपासल्याशिवाय कागदावर घ्यायचा नाही, ही तिची सवय. “आई, पाठीला होते तेवढेच टाके घालून एकच ओळ विणून दाखवा ना.”

“घरी? मी घरी विणत नाही.”

“एकच ओळ. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे.”

नोकरीचं नाव काढल्यावर सासूबाई विरघळल्या. कुरकुरत टाके घातले. मुदतबाईनं मोबाइलवर वेळ लावली आणि ती श्वास रोखून सुयांकडे बघत बसली. दोन मिनिटं आणि एक सेकंद. “तू टक लावून बघत होतीस म्हणून तो एक सेकंद,” सासूबाई म्हणाल्या.

बासष्ट ओळी म्हणजे दोन तास आणि वर चार मिनिटं. फक्त थेंबांसाठी! मुदतबाईनं बाकीच्या खेपांच्या रेघाही मोजल्या. थोडं इकडे, थोडं तिकडे, पण चित्र तेच. खिडकीपाशी आठ-दहा मिनिटं, डॉक्टरांच्या दाराशी वीस, आणि बाकी सगळा वेळ त्या एका बाकावर.

“त्या बाकावर इतका वेळ का?”

“एकच सिस्टर आहे तिथे,” सासूबाई म्हणाल्या. “एवढीशी खोली. थेंब घालायचा, यंत्र लावून दाब मोजायचा, दोन मिनिटांचं काम. पण बाहेर शंभर माणसं. ती बिचारी तरी काय करणार? आणि तुम्ही म्हणे मोठी थोरली खोली बांधताय, बसायला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!”

सासूबाईंनी पत्ते उचलले. मुदतबाईचा चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी ती थेंबांच्या खोलीपाशी गेली. नऊ वर्षांत ती या खोलीत कधी आली नव्हती, यायचं कारणच पडलं नव्हतं. खोली कसली, कपाटच ते. दोन स्टुलं, एक यंत्र, एक टेबल. थेंबवाल्या सिस्टर पन्नाशीच्या, उंच, हाताला सराव इतका की एका हातानं पापणी धरून दुसऱ्या हातानं थेंब घालताना शेजारच्या माणसाला ‘डोळा चोळू नका’ म्हणून दटावायच्या. बाहेरच्या बाकांवर माणसं खांद्याला खांदा लावून बसलेली. एक आजोबा तर भिंतीला डोकं टेकून चक्क घोरत होते.

“सिस्टर, अजून दोन-तीन खोल्या मिळाल्या तर काम उरकेल का?”

सिस्टरांनी तिच्याकडे नीट बघितलं. मग टेबलाचा खण उघडून तीन कागद काढले आणि तिच्या हातात दिले.

मुदतबाईचाच अर्ज होता तो. तीन वर्षांपूर्वीचा, दोन वर्षांपूर्वीचा आणि गेल्या वर्षीचा. मजकूर तिन्हींवर एकच, ठसठशीत अक्षरात: ‘थेंबांसाठी आणखी तीन खोल्या. कारण, माणसं फार वेळ बसतात.’ तळाचा चौकोन मात्र तिन्हींवर कोरा. आणि तिन्हींवर तांबडा शिक्का होता: ‘अपूर्ण, परत’. त्याखाली सही. सही कुणाची, हे सांगायलाच हवं का?

“चौकोन कोरा का ठेवलात?” मुदतबाईनं विचारलं.

“उद्दिष्टाचा क्रमांक विचारला होता,” सिस्टर म्हणाल्या. “मला माहीत नव्हता. माहीत नसताना खोटं कशाला लिहू?”

अख्ख्या इस्पितळात एका माणसानं तो चौकोन गंभीरपणे घेतला होता, आणि तिलाच तीनदा परत पाठवलं होतं. मुदतबाईला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. ती काही रडणारी बाई नव्हती. पण त्या दिवशी मागच्या दालनात जाऊन, त्या लखलखीत रिकाम्या फरशीवर उभी राहून, ती थोडा वेळ रडली. मग डोळे पुसले आणि सवयीनं फरशीची मापं घेतली.

निळे-हिरवे आलेख तिनं फाडून टाकले.

गुरुवारी बैठक भरली. लांब टेबलाभोवती सात जण, एका टोकाला अध्यक्ष, त्यांच्या शेजारी संचालकबाई. भिंतीकडेच्या खुर्च्यांवर विभागप्रमुख, त्यांत खरेदीवाले नव्या टायमध्ये. मुदतबाई उभी राहिली. नेहमी ती पडद्यावर तक्ते दाखवायची. आज तिनं पिशवी उघडली आणि टेबलावर एक करडा, एका बाहीचा स्वेटर ठेवला.

“हे काय?” अध्यक्ष दचकले.

“माझ्या सासूबाईंनी विणलाय. सगळाच्या सगळा आपल्या बाकांवर बसून. यातली पाठ जवळजवळ सगळी थेंबांच्या खोलीबाहेर झाली.”

टेबलाभोवती हशा पिकला. तिनं केसपेपर फिरवला, रेघा दाखवल्या, बासष्ट ओळींचा हिशेब सांगितला. हशा हळूहळू विरला. मग तिनं सिस्टरांचे तीन अर्ज ठेवले आणि त्यांवरची सही माझी आहे, असंही सांगितलं. ते सांगताना तिचे कान तापले, पण सांगितलं.

“एकतीस प्रकल्प तिसऱ्या उद्दिष्टासाठी आहेत असं कागद म्हणतात,” ती म्हणाली. “मी दोन दिवस एकेक तपासला. खरे तीन आहेत. बाकीचे वाईट नाहीत, टेबल टेनिस खेळावं माणसानं, पण त्यांनी कुणाचं वाट बघणं कमी होत नाही. आणि माझं प्रतीक्षागृह तर उलटं आहे. ते आज आहे तसंच थांबवावं, अशी माझी विनंती आहे. खुर्च्या परत कराव्यात. त्या दालनात पडदे लावून थेंबांच्या सहा खोल्या होतील. दाब मोजायची तीन यंत्रं प्रशिक्षण वर्गाच्या कपाटात नुसती पडून आहेत, मी बघून आले. दहा दिवसांचं काम आहे.”

अध्यक्षांनी चष्मा काढला. “अहो, पण जेमतेम अडीच आठवडे राहिलेत तुमचे. उद्घाटनाच्या पत्रिका छापायला गेल्यात. आधी पूर्ण करा, मग बघू पुढचं.”

इथे ती गप्प बसली असती तरी चाललं असतं. विनंती तर करून झाली होती, आता अध्यक्षच नको म्हणत होते. शिक्काही मिळाला असता आणि मनही साफ राहिलं असतं. भिंतीकडून खरेदीवाले मान हलवून तेच सुचवत होते.

“साहेब, पूर्ण झालं की ते बंद कोण करणार?” ती म्हणाली. “दोनशे चाळीस खुर्च्या एकदा मांडल्या की त्या भरलेल्या बऱ्या दिसतात. रिकाम्या दिसल्या तर आपल्यालाच वाईट वाटेल. मग माणसं लवकर सुटावीत अशी घाई कुणाला असणार आहे?”

संचालकबाईंनी स्वेटर ओढून घेतला आणि त्यावरून बोटं फिरवली. “वीण सुरेख आहे हो,” त्या म्हणाल्या आणि अध्यक्षांकडे वळल्या. “मला वाटतं, थांबवू या.”

प्रकल्प थांबला.

मुदतबाई खोलीत आली आणि सवयीनं तक्त्यासमोर उभी राहिली. अठराव्या ओळीपुढे लावायला शिक्काच नव्हता. ‘थांबवला’ असा शिक्का तिनं कधी करूनच घेतला नव्हता. लागेल असं स्वप्नातही आलं नव्हतं. शेवटी पेनानंच लिहिलं. अक्षर वाकडं आलं. वर सतरा हिरवे शिक्के आणि खाली हे वाकडं अक्षर.

उपसंचालकाची जागा पुढच्याच आठवड्यात खरेदीवाल्यांना मिळाली. अध्यक्षांनी तिला पुन्हा जिन्यात गाठलं. “तुमचं बोलणं पटलं बरं का. पण सतरा म्हणजे काही अठरा नव्हेत.” तिला राग आला, चांगलाच आला. घरी येऊन तिनं भांडी जरा जास्तच जोरात घासली. नवऱ्यानं कारण विचारलं तर त्याच्यावरही घसरली. पत्त्यांच्या अड्ड्यावरून सासूबाई ओरडल्या, “अगं, कढईचं बूड जाईल!”

पण दहा दिवसांचं काम म्हणाली होती, ते नऊ दिवसांत केलं. तेवढी सवय कुठे जाते? सहा पडदे, बारा स्टुलं, चार यंत्रं आणि इतर वॉर्डांतून मागून घेतलेल्या तीन सिस्टर. थेंबवाल्या सिस्टरांना तिनं त्यांच्या प्रमुख केलं आणि त्यांच्या तीन जुन्या अर्जांच्या कोऱ्या चौकोनांत स्वतःच्या हातानं तीन लिहिला. इतक्या वर्षांत तो आकडा पहिल्यांदाच विचार करून लिहिला गेला होता.

पुढच्या महिन्यात सासूबाई तपासायला आल्या. मुदतबाई लांबून बघत होती. त्या खिडकीपाशी गेल्या, बाकावर टेकल्या, पिशवीतून लोकर काढली, खांद्यापाशी टाके उचलून डावी बाही सुरू केली. चार-सहा ओळी होतात न होतात तोच नाव पुकारलं. त्या इतक्या दचकल्या की लोकरीचा गुंडा घरंगळत पार पडद्यापर्यंत गेला. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. आणि त्या खेपेला डॉक्टर म्हणाले, दाब छान आहे, आता यायचं ते एकदम सहा महिन्यांनी.

संध्याकाळी मुदतबाई घरी आली तर सासूबाई फुगून बसल्या होत्या. पत्तेसुद्धा नाहीत. तिला बघताच त्यांनी केसपेपर तिच्यापुढे आपटला.

“मोज!”

मुदतबाईनं मागच्या रेघा मोजल्या. पाच जुड्या. बाहीच्या अरुंद, मिनिटाभराच्या ओळी त्या. पंचवीस. खिडकी, थेंब, डॉक्टर, सगळं धरून. तिनं पुन्हा मोजल्या. पंचवीसच.

“पंचवीस ओळीत काय डोंबल होतंय?” सासूबाई कडाडल्या. “मागच्या खेपेच्या पंचवीस, आजच्या पंचवीस, बाही आली कोपरापर्यंत! बूड टेकायची फुरसत देत नाहीत मेले! आणि आता सहा महिने बोलावणंही नाही. त्या बाकावरच्या बाईनं सुनेचं भांडण अर्ध्यावर सांगितलं होतं, तेही राहिलं.”

त्यांनी स्वेटर तिच्या अंगावर टाकला. मुदतबाईनं तो तिथल्या तिथे चढवला. उजवी बाही मनगटापर्यंत, डावी कोपरापर्यंत. आरशासमोर जाऊन तिनं दोन्ही हात पुढे केले आणि बघत राहिली. नवरा दारातून डोकावला, हसायला लागला, आणि तिचा चेहरा पाहून आल्यापावली परत गेला.

सासूबाईंचा राग तेवढ्यात उतरला. “हौस असेल तर करीन हो पुरी,” त्या हळूच म्हणाल्या. “पण घरी व्हायची नाही, आधीच सांगते. पुरी हवी तर मला परत बसव तिथे दोन-अडीच तास.”

“नको नको,” मुदतबाई घाईघाईनं म्हणाली. “अपुरीच राहू दे, आई.”

असं ती आयुष्यात कुठल्याही कामाबद्दल म्हणाली नव्हती. दुसऱ्या दिवशी तोच स्वेटर घालून ती कामावर गेली.